ही नैराश्याची गोळी नव्हे

"सेरोटोनिनवरचं औषध म्हणजे नैराश्याचीच गोळी ना?" असं प्राडर-विली सिंड्रोम या जन्मजात आजारातल्या भुकेवरच्या औषधाबद्दल कुणी विचारलंय. नाही हो. सेरोटोनिन म्हणजे मेंदूत निरोप नेणारं रसायन, ते नैराश्यापुरतंच नाही. या आजारात वडिलांकडून येणारी १५व्या गुणसूत्रावरची काही जनुकं कामच करत नाहीत. पोरं सतत भुकेली, आईबाप फ्रिजला कुलूप लावतात. इथे धाक काय करणार! 'पोट भरलं' हा निरोप पोचवण्यात मेंदूतल्या ५-एचटी२सी या सेरोटोनिन ग्राहीचा (पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या रचनेचा) मोठा वाटा, म्हणून औषधाचा नेम तिच्यावर.

नेम साधणं मात्र कठीण. फेनफ्लुरामाइन या औषधाचा धक्का तिच्याच कुळातल्या २बी ग्राहीलाही लागला, हृदयाच्या झडपा बिघडल्या आणि १९९७ मध्ये वजन घटवण्याचं ते औषध बाजारातून गेलं. वजन घटवण्याचंच दुसरं औषध लोरकासेरिन २सी ग्राहीवर बरंच नेमकं होतं, तरी २०२० मध्ये कर्करोगाच्या शंकेने मागे घेतलं. प्राडर-विलीतल्या भुकेसाठी २०२५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं डायझोक्साइड कोलीन वेगळ्याच वाटेने जातं.