घड्याळावर बीटा टाकू का? घरच्या ग्रुपवरची चर्चा

छोट्या: एक विचारायचंय, मुख्यतः ताईला. माझ्या ॲपल वॉचसाठी पुढच्या वॉचओएसचा, म्हणजे घड्याळातल्या सॉफ्टवेअरचा, बीटा सुरू झालाय. अंतिम आवृत्तीआधीची चाचणीची आवृत्ती. सेटिंग्जमध्ये एक पर्याय निवडला की मिळतो, पैसे पडत नाहीत. आज रात्री टाकू का?

काका: टाक की. नाही आवडला तर जुनं परत टाकायचं, हाय काय नि नाय काय.

मी: काका, फोनवर तसं करता येतं, घड्याळावर नाही. सगळा प्रश्न तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.
आयफोनवर बीटा टाकला आणि पटला नाही, तर फोन केबलने कॉम्प्युटरला जोडायचा, पुसायचा आणि चालू आवृत्ती परत भरायची. वेळ जातो, पण वाट आहे. घड्याळाला केबल लावायला जागाच नाही. एकदा बीटा गेला की आधीच्या आवृत्तीवर परत येता येत नाही, हे ॲपलने स्वतःच लिहून ठेवलंय. बीटा बंद करता येतो, पण त्याचा अर्थ एवढाच की पुढचा बीटा येणार नाही. आहे तो तसाच राहतो, अंतिम आवृत्ती येईपर्यंत. ती साधारण सप्टेंबरमध्ये येते. म्हणजे आज काही बिघडलं तर त्या बिघाडासकट तोवर राहायचं.

छोट्या: पण ताई, आता आयफोनवरून घड्याळ रिकव्हर करता येतं ना? मी वाचलंय.

मी: येतं. 2022 मध्ये आयओएस (आयफोनचं सॉफ्टवेअर) 15.4 आणि वॉचओएस 8.5 बरोबर ती सोय आली. त्याआधी लाल उद्गारचिन्ह दाखवून बसलेलं घड्याळ बहुतेक वेळा सर्व्हिस सेंटरलाच न्यावं लागायचं. आता फोन जवळ धरून ते पुन्हा सुरू करता येतं. पण ती सोय अडकलेल्या घड्याळासाठी आहे. बीटावरून मागे यायचा रस्ता म्हणून कंपनी ती देत नाही. तिच्या भरवशावर उडी मारू नकोस.

वहिनी: घड्याळ पूर्ण बंद पडतं असं खरंच होतं का? की उगाच भीती घालतात?

मी: झालंय, वहिनी. जून 2018 मध्ये वॉचओएस 5 चा पहिलाच बीटा ॲपलला मागे घ्यावा लागला होता, कारण काही घड्याळं तो टाकताना अडकून बसली. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी 5.1 ही अंतिम आवृत्तीही थांबवावी लागली. सिरीज 4 ची काही घड्याळं नुसता लोगो दाखवत राहिली होती. काही दिवसांत 5.1.1 आली.

काका: मग अंतिम आवृत्तीनेही घड्याळ अडकत असेल तर बीटाला तरी का घाबरायचं? धोका तर दोन्हीकडे आहे. गुगलचंही असंच काहीतरी झालं होतं, आठवतंय.

मी: हो, सप्टेंबर 2024 मध्ये पहिल्या आणि दुसऱ्या पिक्सेल वॉचसाठी, म्हणजे गुगलच्या घड्याळांसाठी, आलेलं वेअर ओएस 5 या सॉफ्टवेअरचं अपडेट गुगलने असंच थांबवलं. गार्मिनच्या घड्याळांना तर जानेवारी 2025 मध्ये नवीन सॉफ्टवेअरही लागलं नाही, जीपीएससाठी आपोआप उतरणारी एक फाइल खराब निघाली आणि अनेक घड्याळं निळा त्रिकोण दाखवत पुन्हा पुन्हा सुरू होत राहिली.
पण काका, तुमच्या मुद्द्याचं मला उलट वाटतं. सगळं तपासून, हजारो लोकांनी वापरून बाहेर काढलेल्या आवृत्तीत जर हे होतं, तर जी आवृत्ती चुका सापडाव्यात म्हणूनच बाहेर दिली जाते तिच्यात किती होईल? माझं काम रोज सॉफ्टवेअर तपासायचंच आहे. पहिल्या बीटाच्या वेळी टीमकडे माहीत असलेल्या, अजून न सुटलेल्या चुकांची यादी असते, आणि ती छोटी नसते. लोकांनी त्यात भर घालावी हाच बीटा देण्याचा हेतू. त्यात वाईट काही नाही. फक्त आपण कशात पाऊल टाकतोय ते कळलं पाहिजे.

काका: हे पटलं.

छोट्या: ठीक आहे, पूर्ण बंद पडण्याची शक्यता कमीच असणार ना? आणि वॉरंटी जाते का?

मी: अधिकृत बीटा टाकल्याने वॉरंटी जात नाही, हे ॲपलच्या बीटा कार्यक्रमाच्या माहितीत आहे. आणि बंद पडण्याची शक्यता कमीच आहे, ते बरोबर. मला जास्त काळजी त्या लहान त्रासांची आहे, कारण ते जवळपास नक्की होतात.
बॅटरी बघ. घड्याळाची बॅटरी साधारण 300 मिलिअँपिअर-अवरच्या आसपास, फोनची त्याच्या दहापट किंवा जास्त. बीटामध्ये चुका शोधण्यासाठी मागे नोंदी लिहिणं चालू असतं, शिवाय नवीन सॉफ्टवेअर आलं की पहिले काही दिवस आतली आवराआवर चालते. फोनला हे त्या मानाने कमी जाणवतं. घड्याळ मात्र रात्रीपर्यंत टिकायचं ते दुपारीही मान टाकू शकतं. तू झोप मोजतोस, सकाळी गजरही मनगटावरच लावतोस. बॅटरी रात्री संपली तर गजर वाजणार नाही.
मग तुझी बाकीची ॲप्स. ती बनवणाऱ्यांनी नव्या आवृत्तीसाठी काम पूर्ण केलेलं नसतं. बहुतेक ॲप्स सप्टेंबरच्या आसपास तयार होतात, तोवर एखादं उघडताच बंद पडेल, एखाद्याचा आकडा डायलवर दिसणारच नाही.

छोट्या: ते चालेल मला.

मी: अजून एक आहे आणि ते फार कमी लोकांच्या लक्षात येतं. घड्याळावर बीटा टाकायचा तर आधी आयफोनवर त्याच पिढीचा आयओएस बीटा लागतो. म्हणजे तू घड्याळाचा नाही, दोन्हींचा निर्णय घेतोयस. फोनमध्ये तुझं बँकेचं ॲप आहे, ऑफिसचं लॉगिन आहे. समज, बँकेचं ॲप बीटावर चालेना म्हणून तू फोन पुसून जुन्या आयओएसवर आणलास. फोन मागे आला, घड्याळ मात्र पुढेच राहिलं. आणि पुढच्या आवृत्तीवरचं घड्याळ जुन्या फोनशी जोडलंच जात नाही. मनगटावर घड्याळ आहे, फोनही ठणठणीत आहे, पण दोघांचं आपसात बोलणं बंद.
बॅकअपचंही तसंच. बीटावर घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर परत भरता येत नाही. म्हणून बीटा टाकण्याआधी कॉम्प्युटरवर पूर्ण बॅकअप घेऊन तो वेगळा जपून ठेवायचा, म्हणजे पुढचा बॅकअप त्याच्यावर लिहिला जाणार नाही.

वहिनी: बाप रे. हे नव्हतं माहीत.

आत्या: अगं बाळा, एक मधेच विचारते. माझ्या घड्याळातही हे येईल का आपोआप? डॉक्टरांनी सांगितलंय, धडधड वाटली की ईसीजी काढून ठेव आणि पुढच्या वेळी दाखव. ते बिघडायला नको.

मी: आत्या, आपोआप येणार नाही. बीटाचा पर्याय मुद्दाम निवडावा लागतो, तोपर्यंत तुम्हाला नेहमीची अंतिम आवृत्तीच मिळते. तुमच्या घड्याळाला कोणी हात लावू नये. ते तीस सेकंदांचं रेकॉर्डिंग तुमच्या डॉक्टरांसाठी आहे. धडधड झाली त्या वेळी ॲप उघडलंच नाही, तर ती वेळ परत आणता येत नाही. आणि घड्याळाने काहीही दाखवलं तरी त्रास वाटला की आधी डॉक्टर, घड्याळ नंतर.
अजून एक. कोणी मेसेजमध्ये लिंक पाठवून 'हे प्रोफाइल टाका, नवीन सॉफ्टवेअर लगेच मिळेल' असं सांगितलं तर उघडू नका. प्रोफाइल म्हणजे बीटा चालू करून देणारी एक छोटी फाइल. पूर्वी लोक अशी प्रोफाइलं इकडून तिकडून उतरवून घ्यायचे. आता अधिकृत बीटा सरळ सेटिंग्जमध्येच मिळतो, त्यामुळे अशा लिंकची कोणालाच गरज नाही.

आत्या: बरं झालं सांगितलंस. मला खरंच एक आला होता. पुसून टाकते.

छोट्या: ताई, नानांचं घड्याळ माझ्याच फोनवरून सेट केलेलं आहे. त्याला काही होईल का? त्याचं लक्षातच आलं नव्हतं.

मी: मलाही आत्ता आठवलं. हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. नानांकडे आयफोन नाही, म्हणून घड्याळ तुझ्या फोनमधून चालवतो आपण. रोजचे कॉल त्यांच्या घड्याळातल्या सिमवरून जातात, तिथे तुझ्या फोनचा संबंध नाही. पण सेटिंग, परवानग्या, अपडेट हे सगळं तुझ्याच फोनमधल्या वॉच ॲपमध्ये आहे. त्या फोनवर अर्धवट तपासलेलं सॉफ्टवेअर टाकायचं, आणि उद्या वैतागून फोन पुसायची वेळ आली तर नानांचं घड्याळही नव्याने जोडावं लागू शकतं. ते पुन्हा नीट जोडलं जाईपर्यंत नाना पडले तर घड्याळ नोंद घेईलच असं नाही.
ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगते, नाना जोरात पडले आणि साधारण मिनिटभर हलले नाहीत, तर घड्याळ स्वतःहून आपत्कालीन सेवेला फोन लावतं आणि आपल्याला मेसेज करतं. सेट करताना वय 55 किंवा त्याहून जास्त असेल तर हे आपोआप चालू होतं. ते घड्याळ आपण याच एका गोष्टीसाठी घेतलं.

नाना: मला त्या घड्याळाचा आधार वाटतो. रात्री उठताना हातात असतं. त्याचं काही करू नका रे पोरांनो.

छोट्या: नाही नाना, काही करणार नाही. ताई, मग फोनवर पण नको टाकू ना?

मी: या फोनवर नको. माझं मत स्पष्ट आहे. ज्या घड्याळावर कोणाची तब्येत किंवा सुरक्षितता अवलंबून आहे ते, आणि त्याला जोडलेला फोन, दोन्ही बीटापासून लांब ठेवायचे. कंपन्याही बीटा दुसऱ्या, बाजूला ठेवलेल्या उपकरणावर वापरा असंच सांगतात.

काका: माझ्या पळण्याच्या घड्याळालाही बीटाचं आमंत्रण आलंय. ते ॲपलचं नाही. तिथेही परत येता येत नाही का?

मी: प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, काका. काही घड्याळांवर बीटातून बाहेर पडून अंतिम आवृत्तीवर येता येतं, पण येताना सेटिंग्ज पुसल्या जाऊ शकतात. डेटा स्क्रीन, झोन, सराव, सगळं पुन्हा भरायचं. तुम्ही ज्या शर्यतीची तयारी करताय ती होईपर्यंत थांबाच. लांब पळताना मधेच रेकॉर्डिंग थांबलं किंवा जीपीएसने अंतर चुकवलं, तर ते धावणं काही परत मोजता येत नाही. आधी सगळ्या जुन्या ॲक्टिव्हिटी फोनशी सिंक झाल्यात का ते बघा. सामील होण्याआधी 'बाहेर कसं पडायचं' हा भाग वाचा. तो सापडला नाही तर सामील होऊ नका.

काका: शर्यत झाल्यावर बघतो मग.

वहिनी: म्हणजे कोणी बीटा टाकायचाच नाही का? मग चुका सापडणार कशा?

मी: टाकायचा, वहिनी, आणि मनापासून सांगते, चांगल्या टेस्टरची फार किंमत असते. एखाद्याने शांतपणे लिहिलं की अमुक मॉडेल, अमुक बीटा, वर्कआउट चालू असताना गाणं बदललं की स्क्रीन गोठते, दर वेळी होतं, तर ती चूक लाखो लोकांच्या मनगटावर जाण्याआधी सुटू शकते. नुसतं 'बॅटरी खराब' लिहून काही हाती लागत नाही. बीटाबरोबर फीडबॅकचं ॲप येतं ते यासाठीच. पण बरेच लोक बीटा टाकतात नवीन डायल बघायला, कळवत काहीच नाहीत आणि नंतर चिडतात.
छोट्या, तुला खरंच आवड आहे आणि तू नीट लिहितोस. दादाचा जुना आयफोन आणि त्याचं जुनं घड्याळ कपाटात पडलंय ना?

छोट्या: आहे. सिरीज 5 आहे ते.

मी: ते नाही चालणार. 2024 च्या वॉचओएस 11 पासून सिरीज 4, सिरीज 5 आणि एसईचं पहिलं मॉडेल ही घड्याळं वगळलीत. पण दादाचा तो फोन नवीन आयओएस घेत असेल तर नुसत्या फोनवर बीटा टाक. तुझी हौसही होईल आणि तिथून मागे यायची वाट आहे.

छोट्या: चालेल. फोन बसतोय यादीत, आत्ताच बघितलं. आणि माझ्या घड्याळाचं?

मी: सप्टेंबरपर्यंत थांब. अंतिम आली की पहिल्या दिवशीही नको, आठवडाभर लोक काय म्हणतात ते बघ. टाकशील तेव्हा बॅटरी निम्म्याच्या वर हवी, घड्याळ चार्जरवर, फोन शेजारी, आणि पूर्ण होईपर्यंत चार्जरवरून उचलायचं नाही. मध्येच अडकल्यासारखं वाटलं तरी थांबायचं, घड्याळाला वेळ लागतो. आधी तुझं, दोन-चार दिवस नीट चाललं की आत्यांचं, आणि नानांचं सगळ्यात शेवटी, आपण दोघं घरी असताना.

आत्या: माझं तू आलीस की कर गं. मला एकटीला नाही जमणार.

मी: करते आत्या. छोट्या, आत्ता वॉच ॲप उघड, नानांचं घड्याळ निवड आणि सॉफ्टवेअर अपडेटमध्ये बीटा बंद आहे ना ते बघून इथे लिही.

छोट्या: बघितलं. बंद आहे. माझ्याही घड्याळाचा बंदच ठेवतो.