मदत हवी आहे : नवी बीएमडब्ल्यू एम५ कोल्हापुरात रोज वापरण्याजोगी आहे का?

सर्वांना नमस्कार. शिरोली औद्योगिक वसाहतीत आमची फौंड्री असून, थोरले बंधू २०२४ मध्ये आलेली नवी बीएमडब्ल्यू एम५ घेण्याचा गांभीर्याने विचार करीत आहेत. ४.४ लिटरचे व्ही८ (आठ सिलिंडरचे) इंजिन आणि विद्युत मोटर मिळून ७२७ अश्वशक्ती व १,००० न्यूटन-मीटर टॉर्क देतात, त्यामुळे ताकदीबद्दल प्रश्नच नाही. मला खटकते ते तिचे २,४०० किलोंहून अधिक वजन. रोज लोखंड तोलणाऱ्या माणसाला हा आकडा नजरेआड करता येत नाही. पूर्वीच्या पाच लिटर व्ही१० (दहा सिलिंडरच्या) इंजिनाच्या एम५वर ज्यांनी जीव लावला, त्यांना ही त्याच घराण्यातली वाटते का?

दुसरे असे की, आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकावर बंधूंची सध्याची सेडान तिरकी घेतली तरी पोटाला घासते, आणि ही तर पाच मीटरहून लांब आहे. मागची चाकेही वळत असल्यामुळे आंबा घाटातील वळणांवर ही लांबी कितपत जाणवते, तसेच घर ते कारखाना हा प्रवास केवळ बॅटरीवर केल्यास गाडी निर्जीव तर वाटत नाही ना, हे ज्यांनी ती स्वतः चालवली आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे. बुकिंगची रक्कम याच महिन्यात भरायची आहे.