पळसाची लव आणि जास्वंदीचे पराग
इथे टाकलेल्या जास्वंदीच्या एका फोटोवरून वाद चाललाय. एकांचं म्हणणं आहे की फोटोत फूल काठापासून काठापर्यंत शार्पच (रेखीव) हवं. दुसऱ्यांच्या मते फुलाला मऊपणाच, म्हणजे सॉफ्ट फोकसच शोभतो. मी म्हणतो, आधी फूल बघा.

आमच्या नागपूरकडे मार्चात पळस असतो. त्याची देठाजवळची काळपट वाटी मखमली, आणि पोपटाच्या चोचीसारख्या पाकळीवर बारीक रुपेरी लव. ही लव शार्प आली नाही तर उरतो नुसता केशरी डाग. सकाळी तिरप्या उन्हात घ्या, दहानंतरचं ऊन आपल्याकडे काही कामाचं नाही.

पण म्हणून अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) सगळं शार्प यावं म्हणून बंद करत सुटू नका. एफचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान. १:१ मॅक्रोला (सेन्सरवर फूल खऱ्या आकाराएवढं येतं तेव्हा) फुल फ्रेमवर, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर, एफ/८ला शार्प भागाची जेमतेम १ मिलिमीटर खोली मिळते, आणि एफ/२२ला डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) सगळंच भुरकट होतं. त्यापेक्षा सेन्सर पाकळीला समांतर धरा किंवा फोकस स्टॅकिंग करा, म्हणजे वेगवेगळ्या जागी फोकस केलेले फोटो एकत्र जोडा (वारा सुटला असेल तर स्टॅकिंगचा नाद सोडा).

राहिला सॉफ्ट फोकस. तो म्हणजे फोकस चुकलेला फोटो नव्हे! त्यात खाली शार्प प्रतिमा असतेच, वरून उजळ भागांभोवती प्रकाश पसरतो. अमेरिकन छायाचित्रकार इमोजेन कनिंगहॅमही आधी धूसर शैलीतच काम करायची. १९२५च्या सुमाराचं तिचं मॅग्नोलियाचं फूल मात्र लख्ख आहे, आणि १९३२मध्ये ती एफ/६४ गटात, म्हणजे शार्प फोटोंचा आग्रह धरणाऱ्या छायाचित्रकारांच्या गटात होती.

वाद ज्यावरून चाललाय त्या जास्वंदीच्या फोटोत पाकळ्या धूसर आहेत, ते चालेल. पिवळे पराग तरी शार्प हवे होते.