मदत हवी आहे : वडिलांचे शेअर त्यांच्या नकळत तारण, जबाबदार ब्रोकर की सब-ब्रोकर?

नमस्कार. माझे वडील निवृत्त असून त्यांचे ट्रेडिंग आणि डीमॅट अशी दोन्ही खाती एकाच ब्रोकरकडे आहेत, परंतु त्यांचा प्रत्यक्ष संबंध आला तो त्या ब्रोकरच्या वतीने काम करणाऱ्या एका गृहस्थांशीच. वडील त्यांना आजही सब-ब्रोकर म्हणतात; शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने ती वर्गवारी २०१९ मध्ये संपुष्टात आणली आणि आता असे मध्यस्थ ‘ऑथराइज्ड पर्सन’ म्हणून ब्रोकरच्या नावाखाली काम करतात, हे मलाही अलीकडेच समजले. वडील फोनवरून सांगत, ते गृहस्थ सौदा टाकत, आणि वर्षानुवर्षे हा व्यवहार विश्वासावर चालला.

मागील महिन्यात वडिलांच्या सहीचा अर्ज देऊन मी डीमॅट खात्याचे विवरण मागवले. त्यात दोन कंपन्यांच्या शेअरपुढे ‘मोकळी शिल्लक’ शून्य आणि संपूर्ण संख्या ‘तारण’ या रकान्यात होती. वडिलांनी मार्जिनवर, म्हणजे थोडी रक्कम किंवा शेअर हमी म्हणून ठेवून, एकही सौदा केलेला नाही, असे ते ठामपणे सांगतात. १ सप्टेंबर २०२० पासून ब्रोकरला मार्जिनसाठी ग्राहकाचे शेअर स्वतःच्या खात्यात वळवून घेता येत नाहीत. ते ग्राहकाच्याच डीमॅट खात्यात राहतात, त्यांवर तारणाची नोंद होते आणि त्यासाठी डिपॉझिटरीकडून (शेअरची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडून) ग्राहकाला ओटीपी जातो. मग हा ओटीपी दिला कोणी, या प्रश्नाचे उत्तर त्याच विवरणाच्या वरच्या कोपऱ्यात सापडले. तेथे नोंदवलेला मोबाइल क्रमांक वडिलांचा नाही, तो त्या गृहस्थांच्या कार्यालयाचा आहे. ई-मेलही त्यांचाच. म्हणजे काँट्रॅक्ट नोट (ब्रोकरने द्यायची सौद्याची लेखी नोंद), एक्स्चेंजचे म्हणजे शेअर बाजाराचे संदेश आणि डिपॉझिटरीच्या सूचना नियमाप्रमाणे निघत राहिल्या, परंतु त्यांतील एकही वडिलांपर्यंत पोहोचली नाही. हे पाहून मला फार वाईट वाटले, कारण वडील दर दिवाळीला त्याच माणसाला आवर्जून फोन करतात.

माझ्या समजुतीप्रमाणे यात प्रत्येकाचे काम वेगळे आहे. सौदा एक्स्चेंजवर नेणे आणि काँट्रॅक्ट नोट देणे ब्रोकरचे. दोन्ही बाजूंच्या देण्याघेण्याची हमी घेऊन व्यवहाराच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी तो पुरा करणे क्लिअरिंग कॉर्पोरेशनचे. आणि शेअर कोणाच्या नावावर किती आहेत, याची नोंद एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीकडे. आमच्या बाबतीत डिपॉझिटरी पार्टिसिपंटही (डिपॉझिटरीच्या वतीने डीमॅट खाते सांभाळणारा मध्यस्थ) तोच ब्रोकर असल्यामुळे या रेषा पुसट झाल्या आहेत. ऑथराइज्ड पर्सनला ग्राहकाचे पैसे वा शेअर स्वतःच्या नावाने घेता येत नाहीत आणि त्याच्या कृतीची जबाबदारी ब्रोकरवर येते, असे मी वाचले आहे. तरीही ब्रोकरच्या ग्राहकसेवा विभागाने मला तोंडी उत्तर दिले की, ‘तारणाची विनंती ग्राहकाच्या ओटीपीने मंजूर झाली आहे, आमच्याकडे सर्व नियमानुसार आहे.’ लेखी उत्तर अद्याप आलेले नाही.

जाणकारांना माझी विनंती आहे की, पुढील बाबतींत मार्गदर्शन करावे. मोबाइल आणि ई-मेल बदलण्याचा अर्ज मी आधी द्यावा, की तक्रार नोंदवून झाल्यावर? बदल ताबडतोब करावा असे मला वाटते, कारण उद्या आणखी एखाद्या ओटीपीवर शेअर विकलेही जातील. मात्र जुन्या क्रमांकाची नोंद नंतर पुरावा म्हणून मिळेल का, याची काळजी आहे. ग्राहकाने सौदा सांगितल्याचा पुरावा, म्हणजे ध्वनिमुद्रण किंवा लेखी आदेश, ब्रोकरने जपून ठेवायचा असतो आणि वाद झाल्यास तो सादर करण्याची जबाबदारीही त्याचीच असते. हा पुरावा कोणी मागवून मिळवला असेल, तर अर्जात नेमके काय लिहिले होते ते सांगावे. तसेच तारण कोणत्या देण्यापोटी आहे याचा तपशील मिळण्यासाठी खातेवहीचा उतारा किती काळाचा मागावा?

ब्रोकरकडे लेखी तक्रार करून नंतर सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रार प्रणालीवर आणि गरज पडल्यास ‘स्मार्ट ओडीआर’ या ऑनलाइन तंटानिवारण मंचाकडे जाण्याचा क्रम मला ठाऊक आहे. परंतु तक्रारीत त्या गृहस्थांचे नाव घालावे की फक्त ब्रोकरविरुद्ध लिहावे, यावर वडिलांचे आणि माझे एकमत होत नाही. नाव घातल्याने ब्रोकरला जबाबदारी झटकण्यास वाव मिळतो का, हे अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे.