बनवाबनवी : खरंच हसवतो, की आपण सवयीने हसतो?

राजवाडाकर
रविवारी पोहे-जिलेबी आणली आणि 'अशी ही बनवाबनवी' लावला. भाचा खंडव्याहून इंदूरला शिकायला आलाय, भंवरकुव्याला रूम घेऊन राहतो. तो अर्ध्यातून उठला. जाताना म्हणाला, "मामा, तुम्ही वाक्य यायच्या आधीच हसता." बोचलं हो!

माझं म्हणणं असं, की १९८८चा हा सिनेमा टिकलाय तो वाक्यांवर नाही, घराच्या अडचणीवर. पुण्यात चार पोरं, डोक्यावर छप्पर नाही, आणि लीलाबाई काळभोरांना भाडेकरू हवेत ते जोडपीच. मग दोघांनी साडी नेसायची. अडलेला माणूस एक खोटं बोलतो, ते झाकायला दुसरं, आणि प्रत्येक खोटं निस्तरायला दोस्त पुढे. हे कधी शिळं होणार? बॅचलर म्हटलं की आजही दार लागतं, पुण्यात काय नि इंदूरला काय.

सुदामानगरची
दादा, भाचा बरोबर आहे. एक तर मूळ कल्पना आपली नाहीच. हृषीकेश मुखर्जींचा १९६६चा 'बीवी और मकान' बघा, दोस्त, भाड्याचं घर, बायकांचं सोंग, सगळं तिथे आहे. दुसरं, मला आता त्या म्हातारीचं वाईट वाटतं. माणूस विश्वासाने घर देतो आणि आपण त्याच्या फसण्यावर टाळ्या देतो. अश्विनी भावेंची माधुरी तर दुकानाची मालकीण, पण लोकांच्या लक्षात राहिली ती साडीच्या लिंबू रंगासाठी!

आणि खरं सांगू? घरात 'मी येऊन राहिलो' म्हणणारे आपण इंदूरकर. असं खणखणीत मराठी अडीच तास कानावर पडलं की जीव सुखावतो. ते गावाकडचं प्रेम झालं. त्याला विनोद म्हणू नका. राग आला तर येऊ द्या.

टिळकनगरचे काका
ताई, कल्पना तिकडची, कबूल. पण तो हिंदी सिनेमा आज कोणाच्या तोंडी आहे? फरक केला संवाद लिहिणाऱ्या वसंत सबनिसांनी. 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणारा माणूस, वगातला हजरजबाबीपणा हाडात मुरलेला. पहिले घरमालक सरपोतदार, त्यांच्या औषधाचा प्रसंग घ्या. इस्रायलचा मित्र वारला, इथवर कोणीही लिहील. पण त्याच्यामागोमाग औषधासाठी दिलेले सत्तर रुपयेसुद्धा 'वारतात'! माणसासाठी राखलेलं आदराचं क्रियापद पैशाला लावलं, बस. अशोक सराफ ते ज्या सुरात सांगतात, त्या सुरात आमच्याकडे तेराव्याच्या जेवणाचं आमंत्रण देतात. हे हिंदीत करून दाखवा.

सोंगाचं म्हणाल, तर आपल्या रंगभूमीने बालगंधर्व पाहिलेत. तिथे पुरुष दिसू नये ही कला. इथे लक्ष्याच्या पार्वतीतला पुरुष काही केल्या लपत नाही, त्याचं हसू.

राजवाडाकर
म्हणूनच मला सचिनच्या सुधाला हसू येत नाही. फार गोड दिसते ती!
मी पहिल्यांदा पाहिला तो भाड्याच्या व्हीसीआरवर, वाड्यातले वीसेक जण एका खोलीत. त्या चौघांतले सिद्धार्थ रे आणि लक्ष्मीकांत बेर्डे २००४ या एकाच वर्षात गेले. हल्ली चौघं एकत्र पडद्यावर आले की मी आधी या दोघांकडे बघतो.

सुदामानगरची
काका, 'वारण्या'चं मान्य. म्हातारीचं नाही. अडचण चौघांची, खोटं चौघांचं, मग भुर्दंड तिला का? आज असा भाडेकरू तुमच्या वरच्या मजल्यावर निघाला तर हसाल का?

टिळकनगरचे काका
हसणार नाही. पोलीस बोलवीन. पण सिनेमा मी भाडेकरू होऊन बघतो, घरमालक होऊन नाही.

भंवरकुवा रूम नं. ४
मीच तो भाचा. मामा, मी कंटाळून उठलो नव्हतो. रूमच्या आँटींचा फोन आला होता. रूम तिघांची सांगून घेतलीय, राहतो पाच जण. चौथा माझा मावसभाऊ आहे असं सांगितलंय. पाचव्याचं नातं अजून ठरायचंय, आणि त्या त्याच्यासमोरच उभ्या होत्या. आईला सांगू नका.

सुदामानगरची
नात्याचं नंतर बघ रे. पाचवा भाडं देतो का? की तेही वारलं?