मदत हवी आहे: फोल्डिंग ॲट होमचं काम मधेच रद्द होतंय
फोल्डिंग ॲट होम म्हणजे घरोघरच्या संगणकांवर प्रथिनांचं गणित वाटून सोडवणारा संशोधन प्रकल्प. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स 3060, लिनक्स, घर राजारामपुरीत. 170 वॅटची मर्यादा ‘एनव्हिडिया-एसएमआय -पीएल 120’ देऊन उतरवली आहे, म्हणजे रात्रीच्या आठ तासांत कार्डापुरतं जेमतेम एक युनिट वीज. तरीही ‘बॅड स्टेट डिटेक्टेड’ हा गणित चुकल्याचा संदेश येतो, काम मागच्या चेकपॉइंटवर (जतन केलेल्या टप्प्यावर) जातं आणि असं वारंवार झालं की वर्क युनिटच (प्रकल्पाकडून आलेला कामाचा तुकडा) रद्द. तापमान 65 अंशांच्या आत, त्यामुळे कोल्हापूरच्या उकाड्याला बोल लावू नका! संशय कंपनीतूनच वाढवून आलेल्या क्लॉकवर (कार्डाच्या वेगावर) आहे. गेममध्ये खपून जाणारी चूक प्रथिनांच्या गणितात खपत नाही.

कोअर क्लॉक किती मेगाहर्ट्झने उतरवू, की आधी मेमरीचा? शिवाय रीबूट केलं की वॅटमर्यादा पुसली जाते. त्यासाठी सिस्टमडी सर्व्हिस (लिनक्स सुरू होताना आज्ञा आपोआप चालवणारी फाइल) कुणी लिहिली असेल तर इथे टाका.