महाराष्ट्राच्या नकाशावर गावांची नावं इंग्रजीत का? 'नेम'मध्ये मराठी हवं की इंग्रजी?

सह्यकडा

ओपनस्ट्रीटमॅपचा (लोकांनी मिळून भरलेल्या मोकळ्या नकाशा-प्रकल्पाचा) नेहमीचा नकाशा उघडा आणि कोल्हापूरपासून भंडाऱ्यापर्यंत कुठेही जवळ जाऊन पाहा. बहुतेक गावांची नावं रोमन लिपीत दिसतील. तोच नकाशा जपानवर न्या, नावं जपानीत. ग्रीसवर न्या, ग्रीकमध्ये. कारण साधं आहे. ही मांडणी (नकाशा रंगवायचे नियम) 'नेम' या एकाच टॅगमधलं, म्हणजे ठिकाणाच्या नोंदीतल्या एकाच रकान्यातलं, नाव उचलते आणि भारतात त्या टॅगमध्ये इंग्रजी भरायची प्रथा पडून गेली आहे. मराठी नाव असलंच तर 'नेम:एमआर' या वेगळ्या टॅगमध्ये असतं आणि ते या नकाशावर दिसत नाही.

माझी मागणी: महाराष्ट्रात 'नेम' मराठीत असावं, इंग्रजी नाव 'नेम:ईएन'मध्ये जावं. प्रकल्पाचा मूळ नियमच आहे की जमिनीवर जे आहे ते नोंदवा. ग्रामपंचायतीची पाटी, शाळेची पाटी, एसटीचा फलक, सातबारा, सगळं मराठीत. राज्याचा राजभाषा कायदा 1964चा आहे. मग नकाशानंच वेगळी वाट का धरावी?

आणि हा फक्त अस्मितेचा मुद्दा नाही. रोमन लिपीत ट-त, ड-द, ण-न, ळ-ल यांतला फरक उरतच नाही. सटाण्याचं 'सताना' होतं, चिपळूणचं 'चिपलुन', फलटणचं 'फाल्टन'. वाट बोलून दाखवणारं ॲप हाच उच्चार करतं. शेगाव आणि शेवगाव रोमनमध्ये एका अक्षराच्या फरकावर आहेत. एक बुलढाणा जिल्ह्यात, दुसरं अहिल्यानगरमध्ये. मूळ नाव देवनागरीत असेल तर त्यावरून रोमन करता येतं. उलट प्रवास होत नाही. म्हणून जे जास्त माहिती सांभाळतं ते मूळ जागी हवं.

मैलकुसू

सह्यकडा, उच्चाराचं म्हणणं पटलं, उपाय पटला नाही.

नेहमीचा नकाशा रास्टर आहे. म्हणजे 256 बाय 256 पिक्सेलची चित्रं, म्हणजे टाइल, सर्व्हरवर आधीच रंगवून ठेवलेली असतात आणि नाव त्या चित्रातच उमटलेलं असतं. बघणाऱ्याला लिपी बदलता येत नाही. मुंबई-बंगळूर महामार्गावर तमिळनाडू-केरळचे ट्रक रात्रंदिवस धावतात. त्या चालकाला देवनागरी वाचता येत नसेल तर तुमचा मराठी नकाशा त्याच्यासाठी कोराच.

दुसरं, 'जमिनीवर जे आहे ते' हा नियम तुम्ही अर्धाच वापरताय. राष्ट्रीय महामार्गाच्या दिशादर्शक फलकावर इंग्रजीही असतं. रेल्वे स्थानकाच्या पाटीवर मराठी, हिंदी, इंग्रजी अशी तीन नावं असतात. जमिनीवर तिन्ही आहेत, मग त्यातलं एकच का उचलायचं?

तिसरं, 'नेम' सोडून दुसरं काहीच न वाचणारी साधनं आजही ढिगानं आहेत. गार्मिनच्या वाट दाखवणाऱ्या जुन्या हातातल्या यंत्रांत देवनागरी फॉन्टच नाही. तिथे नावाऐवजी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं येतात. डोंगरात अडकलेल्याला शोधायला निघालेल्या पथकाच्या यंत्रावर वाड्यावस्त्यांच्या जागी चौकोन दिसले तर काय करायचं?

सह्यकडा

मैलकुसू, गार्मिनचं उत्तर आजच हातात आहे. त्या यंत्रांसाठी नकाशा एमकेजीमॅप या साधनानं बांधतात. त्याला नावांच्या टॅगची यादी देता येते: आधी 'नेम:ईएन', मग 'नेम'. एका ओळीचा बदल. बांधणारा एकदा करतो, वापरणाऱ्याला कळतही नाही. एका यंत्राच्या अडचणीसाठी सगळ्या राज्याची मूळ नोंद परक्या लिपीत ठेवायची, हे उलटं झालं.

ट्रकचालकाचंही तसंच. गाडी चालवताना रास्टर नकाशा कोण बघतं? फोनवरची ॲप 'नेम:ईएन' वाचतात. ऑसमअँडमध्ये 'कॉन्फिगर मॅप'मध्ये जाऊन 'मॅप लँग्वेज' बदलली की झालं. मराठीही त्या यादीत आहे.

टाइलघर

दोघांनाही एक तांत्रिक बाब सांगतो, कारण 'व्हेक्टर टाइल आल्या की वाद संपेल' असं पुढे कुणीतरी म्हणणारच.

व्हेक्टर टाइलमध्ये नाव चित्रात नसतं. मजकूर वेगळा येतो आणि ब्राउझर तो रंगवतो. त्यामुळे मांडणीत क्रम लिहिता येतो: नेम:एमआर असेल तर ते, नाहीतर नेम, तेही नसेल तर नेम:ईएन. ऐकायला छान आहे, पण तीन ठिकाणी घसरतं.

पहिलं, टाइल बनवताना कोणत्या भाषा आत घ्यायच्या याची यादी असते. त्या यादीत एमआर घातलं नसेल तर मूळ डेटात मराठी नाव असूनही टाइलमध्ये येत नाही. मांडणीत कितीही डोकं चालवा, नाव सापडणार नाही. लोक इथेच तासन्‌तास अडकतात आणि दोष मांडणीला देतात.

दुसरं, फॉन्ट. मॅपलिबर, म्हणजे ब्राउझरमध्ये असा नकाशा रंगवणारं सॉफ्टवेअर, अक्षरं त्यांच्या संकेतांकांनुसार (प्रत्येक अक्षराच्या ठरलेल्या क्रमांकानुसार) 256-256 च्या गठ्ठ्यांत मागवतं. देवनागरी 2304 ते 2559 या गठ्ठ्यात आहे. सर्व्हरवर त्या गठ्ठ्याची फाइल नसेल तर नाव गायब होऊ शकतं, आणि तेही गुपचूप.

तिसरं सगळ्यात चिवट. रास्टर नकाशा रंगवणारं मॅपनिक हे अक्षरं जुळवणारं हार्फबझ वापरतं, त्यामुळे जोडाक्षरं नीट जुळतात. मॅपलिबर मात्र मुळात एका संकेतांकाला एक आकृती असं धरून चालतं. मग 'शिरूर'मधली पहिली वेलांटी श च्या आधी न येता नंतर लागते, आणि 'त्र्यंबक'चे पाय मोडलेले तुकडे पडतात. असा नकाशा मराठी माणसाला दाखवण्यापेक्षा इंग्रजी बरा, असं कुणी म्हटलं तर मी त्याला दोष देणार नाही. प्रोटोमॅप्स या तयार व्हेक्टर नकाशाच्या संचात जोडाक्षरं आधीच जुळवून खास फॉन्टमध्ये बसवायची युक्ती केली आहे आणि ती चालते. पण ती प्रत्येक संकेतस्थळानं मुद्दाम बसवून घ्यावी लागते. म्हणजे आज उत्तम देवनागरी दिसते ती जुन्या रास्टर नकाशावरच, आणि तिथे फक्त 'नेम' दिसतं. सह्यकडांच्या बाजूनं हा मुद्दा भक्कम आहे.

मांडवीकाठ

महाराष्ट्राचं ठरवताय ते ठरवा, फक्त 'सगळीकडे स्थानिक लिपी' असा सरसकट नियम करू नका. गोव्यात तो पहिल्याच गावात अडेल. 1987च्या कायद्यानं देवनागरी कोकणी राजभाषा आहे आणि मराठीचाही शासकीय वापर मान्य आहे. पाट्यांवर रोमन नावं पोर्तुगीज वळणाची. 'नेम' एकच आहे, त्यात काय भरणार? तिथे रोमन ठेवून कोकणी आणि मराठी दोन्ही आपापल्या टॅगमध्ये भरणं हाच भांडण न वाढवणारा मार्ग आहे.

मात्र त्याच गोव्यावरून इंग्रजीवाल्यांनाही एक गोष्ट दाखवायची आहे. रोमन नावावरून यंत्रानं देवनागरी केली तर डिचोलीचं 'बिचोलिम' होतं, साखळीचं 'सँक्वेलिम', पेडण्याचं 'पर्नेम', केप्याचं 'क्वेपेम'. कुडचडे आणि कुंकळ्ळीची तर ओळखही पटणार नाही. शेवटचा 'म' हा पोर्तुगीज लेखनातला अनुनासिक, तो उच्चारायचाच नसतो. गुगल मॅप्सनं जानेवारी 2021मध्ये मराठीसह दहा भारतीय भाषांत ठिकाणांची नावं आपोआप लिप्यंतर करून दाखवायची घोषणा केली. सोय मोठी आहे, पण लिप्यंतर इंग्रजीवरून होतं. इंग्रजी पुरेसं आहे, बाकीचं यंत्र करेल, असं मानणाऱ्यांनी ही यादी समोर ठेवावी. माणसानं भरलेल्या नावाला पर्याय नाही.

मैलकुसू

मांडवीकाठ, 'माणसानं भरलेलं नाव' हवंच, यात माझा विरोध नाही. ते 'नेम:एमआर'मध्ये भरा, कुणी हात धरलेला नाही. मी 'नेम' बदलायच्या विरोधात आहे. बेळगावचं घ्या. कर्नाटकानं 2014मध्ये अधिकृत नाव बेळगावी केलं, मराठी माणूस बेळगावच म्हणणार. आज दोन्ही नावं आपापल्या भाषेच्या टॅगमध्ये सुखानं नांदतात. 'नेम' हा स्थानिक लिपीचा आखाडा केलात की निपाणीपासून औरादपर्यंत रोज कुणीतरी बदलणार आणि कुणीतरी परतवणार. इंग्रजी कुणाचीच नाही, म्हणून ती तिथे शांतता राखते.

सह्यकडा

सीमाभागासाठी वेगळी तजवीज होऊ शकते. पण सातारा, नांदेड, वाशीममध्ये कोणता सीमावाद आहे? तिथल्या गावांनी बेळगावची किंमत का मोजायची? शिवाय 'इंग्रजी कुणाचीच नाही' हे खरं नाही. जो इंग्रजी वाचतो त्याची ती आहे. गावातल्या आशा सेविकेला, सरपंचाला, दूधसंघाच्या टेम्पोवाल्याला नकाशा हातात घेतल्यावर आपलं गाव आधी अक्षरं जुळवून ओळखावं लागतं.

खुणेचा दगड

वाद चालू द्या. तोवर नावं भरणाऱ्यांसाठी लिहितो, कारण 'नेम'मध्ये काहीही ठेवलं तरी मराठी नाव शुद्ध नसेल तर दोन्ही पक्ष हरतात. महाराष्ट्रात चाळीस हजारांवर गावं आहेत, वाड्यावस्त्या वेगळ्या.

उणीव शोधायला ओव्हरपास टर्बोमध्ये (नकाशाच्या डेटात शोध घेणाऱ्या साधनात) एक तालुका घ्या आणि ज्या गावांना 'नेम' आहे पण 'नेम:एमआर' नाही तेवढीच मागवा. जिल्हा घेऊ नका, काम हाताबाहेर जातं. संपादन आयडी या ब्राउझरमधल्या संपादकात करत असाल तर नावाच्या रकान्याशेजारी अधिकचं चिन्ह आहे. ते दाबून भाषा मराठी निवडा आणि नाव लिहा. जोसम या दुसऱ्या संपादकात टॅग हातानं जोडावा लागतो.

नाव आणायचं कुठून? पाटी पाहून, किंवा मॅपिलरीसारख्या मोकळ्या परवान्याच्या रस्त्यावरच्या छायाचित्रांतून. गुगलवरून उतरवू नका. सरकारी संकेतस्थळ सगळ्यांना दिसतं म्हणून त्यावरची यादी उचलता येते असंही नाही. आपला डेटा 2012पासून ओडीबीएल या मोकळ्या परवान्याखाली आहे, तेव्हा स्रोताचा परवाना त्याला चालतो का ते आधी तपासा. नाहीतर सगळी भर एका दिवसात पुसली जाते, आणि सोबत इतरांनी त्यावर केलेल्या दुरुस्त्याही.

आता नेहमी चुकतं ते. रोमनमध्ये 'बीके' आणि 'केएच' लिहिलेलं असतं ते बुद्रुक आणि खुर्द. यंत्रानं लिप्यंतर केलेल्या याद्यांत सरळ 'वडगाव बीके' आलेलं दिसतं. पूर्ण शब्द लिहा, 'बु.' आणि 'खु.' हवंच असेल तर लघुनावाच्या टॅगमध्ये. 'तर्फे' असलेल्या गावांतही हेच.

ऱ कडे खास लक्ष द्या. कऱ्हाड, गोऱ्हे बुद्रुक अशा नावांत हे अक्षर तीन प्रकारे टंकलं जातं: एकसंध ऱ, र खाली नुक्ता, किंवा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात. पण ओव्हरपासमध्ये अचूक जुळणीनं शोधलं की एकच सापडतं, मग कुणीतरी 'नावच नाही' समजून दुसरा बिंदू टाकतो. एकसंध ऱ वापरा. 'ॲनी बेझंट मार्ग'मधल्या ॲ चंही तेच, अ वर चंद्र वेगळा लावू नका.

आणि कृपा करून लिप्यंतराची स्क्रिप्ट चालवून हजार गावं एका फटक्यात बदलू नका. यांत्रिक संपादनासाठी आधी चर्चा आणि नोंद बंधनकारक आहे, ती उगाच नाही. 'कलस' पाहून यंत्राला कळस कळत नाही.

टाइलघर

खुणेचा दगड यांच्या म्हणण्याला एक जोड. शोधाची काळजी कुणी करू नये. नॉमिनॅटिम हे ओपनस्ट्रीटमॅपचं शोधयंत्र सगळ्या भाषांच्या टॅगमधून शोधतं आणि उत्तर ब्राउझरच्या भाषेत देतं. शीव टाका, सायन टाका. वांद्रे टाका, बांद्रा टाका. टॅग भरलेले असतील तर दोन्हीकडून तेच ठिकाण मिळेल. जुनी नावंही काढून टाकू नका. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर ही 'ओल्ड नेम'मध्ये राहू द्या. जुने पत्ते आणि जुनी कागदपत्रं घेऊन शोधणारे लोक पुढची कित्येक वर्षं असणार आहेत.

सह्यकडा

मग माझा प्रस्ताव बारीक करतो. शहरं, स्थानकं, महामार्ग यांचं 'नेम' सध्या आहे तसं राहू द्या, तिथल्या पाट्या खरोखर द्विभाषिक आहेत. फक्त गावं, वाड्या, वस्त्या यांचं 'नेम' मराठीत करायचं. तेही ज्या तालुक्यात 'नेम:एमआर' पूर्ण भरून दुसऱ्या माणसानं तपासलं असेल तिथेच. बदलण्याआधी सध्याचं रोमन नाव 'नेम:ईएन'मध्ये उतरवायचं, म्हणजे काहीच हरवत नाही. राज्याच्या सीमारेषेवर 'डिफॉल्ट लँग्वेज' हा टॅग एमआर असा लावायचा, म्हणजे 'नेम' कोणत्या भाषेत आहे हे सॉफ्टवेअरला समजेल.

मैलकुसू

रोमन नाव आधी 'नेम:ईएन'मध्ये उतरवणं, दुसऱ्या माणसाची तपासणी, या दोन्हीला माझा पाठिंबा, ते आजपासून सुरू करू. पण त्यापुढे नाही. शहर इंग्रजीत आणि त्याला लागून असलेली वाडी मराठीत, असा नकाशा वाचायला दोन्ही लिपी यायला हव्यात. मराठी न वाचणारा शहरापर्यंत पोचेल आणि शेवटच्या चार किलोमीटरला अडकेल, नेमकी जिथे विचारायला माणूस कमी भेटतो. शिवाय तुम्ही 'डिफॉल्ट लँग्वेज' एमआर लावणार आणि शहरांची 'नेम' रोमनमध्ये ठेवणार. मग त्या टॅगवर विसंबणारं सॉफ्टवेअर 'सातारा'चं रोमन नाव मराठी समजून वाचणार. हा विरोधाभास सोडवल्याशिवाय 'नेम'ला हात लावू नये.

सह्यकडा

टॅगबद्दलची हरकत मान्य. तो राज्याला न लावता ज्या तालुक्याचं काम पूर्ण होईल त्याच्याच सीमेला लावू, आणि त्या तालुक्यात मग शहराचं 'नेम'ही मराठीत घ्यावं लागेल. शेवटच्या चार किलोमीटरचं मात्र पटत नाही. वाडीच्या फाट्यावर लावलेली पाटी मराठीतच असते. नकाशावरचं नाव आणि पाटीवरचं नाव डोळ्यांनी ताडून पाहता आलं, तर मराठी न वाचणाऱ्यालाही अक्षरांचा आकार जुळवून वळता येतं. रोमन नावावरून ते जमत नाही.

खुणेचा दगड

एखादा लहान तालुका घेऊन पाहायचं असेल तर आधी त्याची 'नेम:एमआर' नसलेली यादी इथे टाका. 'बीके', 'केएच' आणि ऱ ची नावं मी वेगळी काढून देतो. ती तपासून झाल्याशिवाय 'नेम'चा प्रश्न त्या तालुक्यापुरता तरी उघडू नका.